विमानाचे खड्डे

सुलेमानचाचांकडे मोटारसायकलवर गेलात, तर हातात चहाचा कप येत नाही, घागर येते.

"आदी गाडी बंद कर. धूर सोडत आलास ना? मंग पानी घाल. गप्पा मागनं."

तुम्ही पत्रिका द्यायला आलेले व्याही असा नाहीतर इन्स्पेक्टर, झाडाच्या बुडाशी पुरलेलं मडकं भरल्याशिवाय चाचा तोंड उघडत नाहीत. मागं एक पुढारी जीपगाड्यांचा ताफा घेऊन मत मागायला आला. चाचांनी ताफ्यावर नजर फिरवली आणि त्याला झाडांची अख्खी रांग दाखवली. कडक इस्त्रीतला तो गडी घागरी वाहून वाहून घामाघूम झाला. शेवटी चाचा म्हणाले, "मत दुसऱ्याला देनार हाय. पन पानी बेस घातलंस."

चाचांनी उभा जन्म मिरजगावातून नगरला लिंबं आणि कांदा वाहिला. त्यांचा टेम्पो दिसायच्या आधी त्याचा धूर दिसायचा. मला म्हणायचे, "माझ्या टेम्पोनं तालुक्याचं तोंड काळं केलं, दत्तू. सोडलेला धूर काय माघारी येत न्हाई. त्याला गिळनारं तरी कायतरी लावावं." टेम्पो विकला त्याच उन्हाळ्यात त्यांनी घरामागच्या माळावर पहिला खड्डा घेतला. आम्ही पोट धरून हसलो. त्या माळावर कुसळंसुद्धा उपाशी मरायची!

आज तिथं कडुलिंब आहेत, चिंचा आहेत, करंज आहेत. माझं किराणा दुकान सोडून मी भर दुपारी तिथं जाऊन उभा राहतो. वर बघितलं की आभाळ दिसत नाही, नुसती पानं. एका माणसाच्या हातून एवढं होऊ शकतं, हे मला अजून खरं वाटत नाही.

बाकी माणूस विक्षिप्तच. गॅस वाचवायला भात अर्धा शिजला की पातेलं उतरवतात आणि गोधडीत गुंडाळून ठेवतात. उरलेला तो आपल्या वाफेवर शिजतो. एकदा बोलण्याच्या नादात मी त्या गोधडीवरच बसलो. चाचा ओरडले, "ऊठ, ऊठ! भात झोपलाय!" कबूल करतो, तो भात फार सुरेख झाला होता.

चाची गेल्यापासून ते पातेलं लहान झालंय. एकुलती एक मुलगी रुबिना, ती अमेरिकेत. यंदा तिला यायचं होतं. पण फोनवर ती हसत म्हणाली, "अब्बा, तुम्हीच सांगता ना, विमान सगळ्यात जास्त धूर सोडतं? मग कशाला यायचं?" चाचाही हसले. जगाला घागर उचलायला लावणारा माणूस, स्वतःचाच नियम कसा मोडणार?

परवा गेलो तर माळाच्या टोकाला नवे खड्डे दिसले. चांगले कमरेएवढे खोल, शेणखत घालून तयार. मी घागर घेऊन निघालो तर चाचांनी अडवलं.

"तिकडं नको. ते विमानाचे हायेत."

"म्हणजे?"

"रुबिनाच्या विमानाचे. एवढ्यानं फिटंल का न्हाई, अल्ला जाने. पन तिनं धुराची काळजी करू नये."

"मग सांगितलंत का तिला?"

चाचा गळ्यातल्या पंच्यानं उगाच हात पुसत राहिले. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी त्यांचा मोबाईल घेतला, रुबिनाला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा खड्ड्यांकडे फिरवला.

"अब्बा, हे कसले खड्डे?"

"तुझ्या यायच्या विमानाचे," चाचा म्हणाले.

फोनमधून तिचा बारीक आवाज आला, "आणि परत जायचे?"

चाचांनी शेजारी बोट दाखवलं. तिथं जमिनीवर कुदळीनं नुसते गोल आखलेले होते.

"ते सावकाश खनीन," चाचा म्हणाले. "त्याला काय घाई हाय?"