चिंचेवर अडकलेले नाना

परसातल्या चिंचेवर दिपमाला सरसर चढली आणि नवलनानांच्या हातातला चहा बशीत सांडला. वरणगावच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी 'सावधान'च्या पाट्या लावल्या होत्या. निवृत्त होऊन ते पारोळ्याला आले, पाट्या संपल्या आणि सगळी काळजी सात वर्षांच्या नातीवर येऊन पडली.

"उतर खाली! पडशील!"

"नाना, फांदी पक्की शे. हलवून पाह्यली मी."

सून कोकिळा म्हणाली, "चढू द्या ना, नाना. वाळक्या फांद्या मी कालच तोडल्या. खालची माती खणून भुसभुशीत केली. अन् मी उभी आहेच की इथं."

नानांचं समाधान होईना. त्यांनी विहिरीचा दोर आणला, नातीला खाली बोलावून तिच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक वरच्या फांदीवरून टाकून स्वतः धरलं. मग तिच्या डोक्यावर आपलं कारखान्यातलं हेल्मेट चढवलं. ते नाकापर्यंत आलं, तरी ती पुन्हा वर चढली.

"नाना, मले काहीच दिसत नही!"

तिनं हेल्मेट खाली टाकलं. तोवर दोर बेचक्यात गुंतला आणि इतका वेळ मोकळी फिरणारी पोर जागच्या जागी अडकली. शेवटी तिनंच गाठ सोडली आणि ती टुणकन खाली आली.

दोर मात्र वरच राहिला. तो काढायला नाना स्टुलावर चढले. भुसभुशीत मातीत स्टूल कलंडलं, त्याचा पाय मोडला आणि नाना पाच फुटांवरच्या फांदीला मिठी मारून बसले. झाडावर चढायची त्यांची जन्मातली ही पहिलीच वेळ.

कुंपणापलीकडून वच्छलाबाईंनी विचारलं, "नाना, चिचा काढी ऱ्हायनात का?"

"नाही! तपासणी चालू आहे!" नाना फांदी आणखी घट्ट धरत म्हणाले.

दिपमाला बुंध्याशी आली. "नाना, घाई नका करू. आते डावा पाय खाले. तिथं बुंध्याला गाठ शे. आधी दाबून पाहा. पक्की वाटली तरच भार द्या."

नानांनी पाय दाबून पाहिला. पक्की होती. मग उजवा पाय. मग पुन्हा डावा. कोकिळा हात पसरून उभी होती, पण तिच्यावर झेलायची वेळ आली नाही. नानांचा गुडघा तेवढा खरचटला. दिपमालानं त्यावर फुंकर घातली.

"मग, उद्यापासून झाड बंद ना?" कोकिळानं विचारलं.

नानांनी मान वर केली. "बंद कशाला? त्या शेंड्याजवळच्या फांदीवरून गावातला किल्ला दिसत असेल, नाही?"

दिपमालानं ठामपणे मान डोलावली.

"दिसतो. पण तुम्ही आधी आठ दिवस खालच्या फांदीवरच."