सातव्या शेवटच्या घावाला ट्रेलर हवा का?

‘शेवटचा घाव’ या चित्रपटाचा सातवा भाग काढायचे ठरले, तेव्हा त्याला ट्रेलरची आवश्यकता आहे किंवा कसे, हा विषय कंपनीच्या बैठकीत रीतसर मांडण्यात आला. सातव्या भागाची आवश्यकता आहे किंवा कसे, हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

“सिक्वेलचा ट्रेलर म्हणजे सासरी सातव्यांदा आलेल्या जावयाची ओळख करून देणं,” अर्थप्रमुख म्हणाले. “घरचे सगळे त्याला ओळखतात. तो कशावरून रुसतो, किती दिवस मुक्काम ठोकतो, सगळं पाठ आहे. मग त्याला दारात उभं करून वाजतगाजत आत घ्यायचं कशाला?”

सगळे हसले. मालकांचे चिरंजीव धाकटे साहेब तर टेबलावर थाप मारून हसले. ट्रेलरवाली तेवढी हसली नाही.

कंपनीचे सगळे ट्रेलर ती कापत असे. तळमजल्यावर बिनखिडकीची एक खोली, दोन पडदे, चिकटपट्टीने हात बांधलेली एक खुर्ची, आणि शेजारच्या खुर्चीत आवाजवाले काका. अडीच तासांच्या रद्दीतून दोन मिनिटे अशी काढायची, की माणसाला वाटावे, ही रद्दी पाहिल्याशिवाय आपण मरता कामा नये. हे काम सोपे नव्हते आणि तिला त्याचा छुपा अभिमान होता. प्रत्येक ट्रेलरमध्ये ती टाकून दिलेल्या चित्रणातला एखादा खराखुरा क्षण गुपचूप घुसवत असे. तो कोणाच्या ध्यानात येत नसे, आणि त्यामुळेच तो टिकून राहत असे.

ट्रेलर बंद म्हणजे खोली बंद. खोली बंद म्हणजे तिची बदली प्रेक्षक-समाधान कक्षात. तिथे दिवसभर फोन कानाला लावून ‘आपल्या भावना वर कळवण्यात येतील’ असे म्हणावे लागे. वर कोण बसते, हे त्या कक्षात कोणालाच माहीत नव्हते.

ती मूळची विज्ञानाची पदवीधर. म्हणून घाबरल्यावर माणसाने जे कधी करू नये, तेच तिने केले. तिने पुरावा मागितला.

“साहेब, चाचणी घेऊ या. काही थेटरांत ट्रेलर दाखवू, काहींत दाखवायचा नाही. मग दोन्हीकडच्या लोकांना विचारू.”

धाकट्या साहेबांना ‘चाचणी’ हा शब्द आवडला. ट्रेलरपुरते थोडे चित्रीकरण झाले. तिने ट्रेलर कापला, आणि त्यात आपला एक क्षण बसवला. हिरोच्या जागी उड्या मारणारा माणूस उडी झाल्यावर पायरीवर बसतो, गुडघा चोळतो, आणि कॅमेरा अजून चालू आहे हे त्याला माहीत नसते.

चाचणीचा निकाल स्वच्छ लागला. ट्रेलर पाहिलेल्यांना सातवा भाग पाहायचाच होता. न पाहिलेल्यांनाही पाहायचाच होता. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण ज्यांना ट्रेलर दाखवलाच नव्हता, त्यांनी तो फारच आवडल्याचे सांगितले. एका गृहस्थांनी तर ‘मागच्यापेक्षा कापणी सफाईदार आहे’ असा शेराही मारला.

“म्हणजे न दाखवताच आवडला!” अर्थप्रमुख खुशीत म्हणाले. “यापेक्षा स्वस्तात ट्रेलर होतो का? बाई, विज्ञानानं आमचं काम हलकं केलं. खोली रिकामी करायला घ्या.”

घरी आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?”

“सातव्या भागाला ट्रेलर नकोय त्यांना.”

“बरोबर आहे त्यांचं. मला माहितीये ना सगळं. तो दरीत पडलेला असतो ना, तो मेलेलाच नसतो. एका म्हातारीच्या झोपडीत बरा होतो. मग त्याच्या मित्राला पळवून नेतात, आणि शेवटी तो मित्रच बदमाश निघतो. बंद कारखान्यात मारामारी, मोठा स्फोट, आणि हा आपला पाठीमागे न बघता चालत येतो. ती उशीची खोळ दे इकडे.”

ट्रेलरवाली खोळ हातात धरून तशीच उभी राहिली. आईने सांगितले ते पटकथेबरहुकूम होते. “तुला कोणी सांगितलं हे?”

“सांगायला कशाला हवं? सहा भाग काय मी डोळे मिटून बघितले?”

“मग सातवा कशाला बघणारेस?”

“अगं, माहितीये म्हणून तर! माहीत नसलेलं बघायचं म्हणजे जिवाला घोर नुसता. पैसे देऊन कोण लावून घेईल?”

दुसऱ्या दिवशी तिने चाचणीतल्या त्याच लोकांना एकच प्रश्न विचारला, ‘सातव्या भागात काय होते?’ सगळ्यांनी अचूक सांगितले. एकाचे मात्र चुकले. त्याने मित्राऐवजी सख्ख्या भावाला बदमाश ठरवले. कथालेखकाला ते जास्त पटले, आणि त्याने पटकथा दुरुस्त करून घेतली.

पुढच्या बैठकीत ती उभी राहिली. “साहेब, ट्रेलर लोकांना न बघताच माहीत आहे, म्हणून तो नको, असं आपलं म्हणणं. पण मग पिक्चरही लोकांना न बघताच माहीत आहे. म्हणजे पिक्चरही नको. आणि वाचवायचंच असेल, तर दोन मिनिटं वाचवण्यापेक्षा अडीच तास वाचवलेले काय वाईट?”

समोरच्याचाच तर्क पुढे ओढत नेऊन त्याला खड्ड्यात पाडायचे, या रीतीला विज्ञानात खंडन म्हणतात. कंपनीत तिला प्रस्ताव म्हणतात. अर्थप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, आणि भरल्या आवाजात विचारले, “इतकी वर्षं तुम्ही तळमजल्यावर काय करत होतात?”

“पण मग थेटरात दाखवायचं काय?” धाकट्या साहेबांनी शंका काढली.

“काय म्हणजे? ट्रेलर!” अर्थप्रमुख म्हणाले.

अशा रीतीने खोली वाचली. तिला नवी खुर्चीही मिळाली.

‘शेवटचा घाव – भाग सात’ ठरल्या दिवशी प्रदर्शित झाला. आधी ट्रेलर, मग मध्यंतर, मग पुन्हा तोच ट्रेलर. मध्यंतराला हात लावायचा नाही असे वरून बजावण्यात आले होते, कारण खरी कमाई खाऊच्या काउंटरवर होती. थेटरे ओसंडून वाहिली. एका समीक्षकाने पूर्वार्धाची वाहवा करून ‘उत्तरार्ध किंचित रेंगाळतो’ अशी नापसंती नोंदवली.

एकच तक्रार आली, पण ती सगळीकडून आली. “ट्रेलरमध्येच सगळं दाखवून टाकलं! मग बघायचं काय?”

कंपनी प्रेक्षकांच्या भावनांबाबत फार हळवी होती. ट्रेलरमधून स्फोट काढायचा हुकूम निघाला. ट्रेलरवालीने काढला. मग भावाचा चेहरा गेला. मग झोपडी गेली, कारण झोपडी दिसली की म्हातारी आहे हे कळते. प्रत्येक कापणीनंतर गर्दी वाढत गेली, आणि तक्रारीही. एके सकाळी धाकटे साहेब स्वतः तळमजल्यावर उतरले.

“तो पायरीवर बसलेला माणूस काढा.”

“तो कशाला, साहेब? तो कोणाच्या अध्यातमध्यात नाही.”

“हिरो दमतो, हे आधीच फुटतंय.”

“साहेब, अख्ख्या ट्रेलरमध्ये तेवढंच एक खरं आहे.”

“म्हणूनच तक्रार आली,” धाकटे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले.

तिने काकांकडे पाहिले. काका कानांवरचा हेडफोन काढून पुसत बसले. तिने तो माणूस कापला.

आता नुसते नाव आणि आकडा उरला. आठवड्याभरात आकड्यावरही तक्रार आली. ‘सात लिहिल्यामुळे सहाव्यात तो वाचला हे उघड झाले.’ आकडा गेला. नावात ‘शेवटचा’ असल्याने शेवट फुटत होता, नाव गेले. उरला काळा पडदा आणि काकांचा ‘धडाम्’ असा आवाज. धडाम् म्हटले की स्फोट आलाच, म्हणून तोही गेला.

“पोरी, हात शिवशिवतायत गं माझे,” काका म्हणाले. “तू काळोख कापतेस, मी शांतता वाजवतो. काय दिवस आलेत!”

“काका, नोकरी आहे ना?”

“आहे की. पगारवाढ झाली.”

त्या रविवारी आईने हट्ट धरला. लेकीने केलेले काम लोकांत बसून बघायचे होते. थेटरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दिवे मालवले, पडदा काळा झाला, आणि शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. मग सगळे श्वास रोखून समोर पाहू लागले. पुढच्या रांगेतला एक माणूस तर काळोखाकडे बघत डोळे टिपत होता.

ट्रेलरवालीला राहवेना. नोकरी गेली खड्ड्यात, असे म्हणून ती खुर्चीतून उठली.

“अहो, ऐका! यात काही नाहीये! पिक्चर काढलेलाच नाही! पुढेही काही येणार नाही!”

मागून कोणीतरी ओरडले, “ए बाई, शेवट काय सांगतेस!”

“लाज वाटत नाही? आम्ही पहिल्यांदा बघतोय!”

“स्वतः बघून आली असेल, म्हणून दुसऱ्यांचा विचका!”

एका बापाने घाईघाईने मुलीचे कान झाकले. डोळे टिपणारा मागे वळून हात जोडत म्हणाला, “ताई, पाया पडतो, पुढचं काही बोलू नका.”

आईने तिला दंडाला धरून खाली ओढले. “बस मुकाट्याने! चारचौघांत अब्रू काढलीस.”

वेळ झाली, दिवे लागले. कोणीही उठले नाही.

“चल आई, संपलं.”

“थांब गं. सगळ्यात शेवटी, नावं येऊन गेल्यावर, एक तुकडा असतो.”

“अगं, नावंच नाहीत.”

“म्हणूनच म्हणते. आपण उठायला आणि तो लागायला एक गाठ पडायची.”

दार सताड उघडे होते. बाहेर ऊन पडले होते, आणि जाणाऱ्याला कोणी अडवत नव्हते. ट्रेलरवाली अर्धी उठली. तिने दाराकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले. आत काहीही नाही, हे त्या थेटरात तिच्याइतके पक्के कोणालाच ठाऊक नव्हते. ते तिने स्वतःच्या हाताने कापले होते. पण एवढी माणसे थांबली आहेत, म्हणजे काहीतरी असेलच, असे तिला वाटले, आणि ती पुन्हा बसली.

तिला हसू नका. याआधीच्या सहा वेळी तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात.