आबांच्या दोन खुर्च्या

आमच्या शेजारचे आबा वकील स्वतःशीच भांडत. तेही खुर्ची बदलून.

थेरगावात त्यांच्या आणि आमच्या ओसरीमध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे वेताच्या दोन खुर्च्या, समोरासमोर. डावीकडे बसून आबा म्हणत, "आज वांगी करावीत." मग उठून उजवीकडे बसत. "वांग्यानं अंगाला खाज सुटते. घेवडा करावा." शेवटी मधोमध उभे राहून निकाल, "वांगी. पण तिखट कमी." स्वयंपाकाला येणारी सखूबाई तोवर विळीवर पेंगायला लागे.

मी नवी नवरी. पदर तोंडात कोंबून हसायची. सासूबाई दटावत, "हसू नगं. आमदार हायेत ते!"

आमदार होते, पण सभागृहातही तीच तऱ्हा. पिंपरीकडे कारखान्यांना जमिनी द्यायच्या की नाही, यावर चर्चा होती. आबा कारखान्याच्या बाजूने असे बोलले की बाकं वाजली. वाजायची थांबल्यावर ते उठून समोरच्या बाकावर जाऊन बसले. "आता ज्याची जमीन जाणार, त्याचं ऐका." पक्षाच्या लोकांनी कपाळाला हात लावला. पण बागायती जमिनी वाचल्या. पुढारी वैतागून म्हणाले म्हणे, "ह्यांना जज्ज तरी करा, म्हणजे आपण सुटू!"

आणि खरंच विचारणा आली, हायकोर्टाचे न्यायाधीश व्हाल का? गावानं ताशेवाले सांगून ठेवले. आबा मात्र उत्तर देईनात. उद्या कळवायचं, अशी वेळ आली.

त्या संध्याकाळी मी भिंतीलगत तांदूळ निवडत होते. आबा डावीकडे बसले. "जाणार नाही. हे घर सोडून मुंबईत एकट्यानं काय करू?" मग उजवीकडे बसले, आणि गप्पच झाले.

"सूनबाई," ते एकदम म्हणाले, "ह्या बाजूनं तू बोल."

मी सूप खाली ठेवलं. त्यांच्यासमोर मी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"ह्या खुर्चीत आमची घरधनीण बसायची. माझं प्रत्येक म्हणणं खोडायची. ती गेल्यापासून तिचंही मीच बोलतो. आज काय म्हणाली असती, सुचत नाही."

मी सुपाकडे बघतच म्हणाले, "जावा की! का जन्मभर वांग्या-घेवड्याचेच निकाल देत बसायचं?"

"अगं बया!" आतून सासूबाई किंचाळल्या.

आबा खदखदून हसले, डोळे पुसले. "अगदी अशीच बोलायची!" उठून मधोमध उभे राहिले. "निकाल. जायचं."

निघायच्या दिवशी ताशा असा कडाडला की गुरांनी दावी तोडली. गाडीच्या टपावर सामानाबरोबर एकच खुर्ची मावत होती. आमच्या ह्यांनी आबांची नेहमीची, डावीकडची उचलली.

"ती राहू दे," आबा म्हणाले. "मला बसायला सरकार खुर्ची देणार आहे. तिची घ्या."