कसब्यातला देव

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर चौतीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेल्या दीनानाथांना देवाचं काम मिळालं, ही बातमी त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी एका सकाळीत अख्ख्या कसबा पेठेत पोचवली. ज्यूंच्या धर्मग्रंथांतल्या गोष्टींवरची एक परदेशी मालिका हिंजवडीच्या एका स्टुडिओत मराठीत बोलती होणार होती, आणि भाचा आमोद तिथेच नोकरीला होता. त्या मालिकेत देव दिसत नाही, नुसता बोलतो. म्हणजे दीनानाथांच्या मापाचीच भूमिका.

पण माइकपुढे घोटाळा झाला. "मोशे, पायातले जोडे काढ, ही भूमी पवित्र आहे," हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की सांगली गाडी फलाटावर लागल्यासारखं वाटलं.

"काका, थोडं डिव्हाइन करा ना," दिग्दर्शिका नम्रता म्हणाली.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे समोर प्रवासी उभेत असं समजू नका."

अकराव्या खेपेला वाक्याच्या शेवटी त्यांच्या तोंडून "धन्यवाद" गेलं. तेव्हा ठरलं की देवाचा आवाज निर्मातेच देतील. निर्मात्यांना ही कल्पना पहिल्या दिवसापासून पसंत होती. दीनानाथांच्या वाट्याला उरलं गाढव.

गोष्ट अशी. बलाम नावाचा भविष्यवेत्ता गाढवावरून निघतो. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा असतो. तो गाढवाला दिसतो, भविष्यवेत्त्याला दिसत नाही. गाढव तीनदा अडतं, तीनदा मार खातं, आणि मग त्याला वाचा फुटते. मूळ ग्रंथात ती गाढवी आहे. मालिकेत तिचा गाढव कसा झाला, हे विचारायला ग्रंथ वाचलेला माणूस स्टुडिओत कुणी नव्हता.

घरी खरं सांगायचं ठरवूनच दीनानाथ परतले, तर गल्लीच्या तोंडाशी मंडळाने फ्लेक्स लावलेला. 'कसब्याचा आवाज, साक्षात देव!' खाली त्यांचा फोटो. शेजारचे रंगनाथ, ज्यांनी आयुष्यात कुणाला बरं म्हटलं नव्हतं, दारातच भेटले.

"काय देवा, आज पायी?"

अशा माणसापुढे गाढव कसं काढणार? दीनानाथांनी घरातही देवच राहू दिला. मालिका टीव्हीवर लागायची होती त्या रविवारी सकाळी मंडळाने सभागृहात पडदा लावायचं ठरवलं आणि कुसुमताईंनी साठ माणसांचा साबुदाणा आणून ठेवला.

जिवाचा नुसता संताप झाला होता. तो घेऊनच दुसऱ्या दिवशी दीनानाथ माइकपुढे उभे राहिले आणि स्वतःलाही ओळखू येऊ नये अशा घोगऱ्या आवाजात बोलले. "मी तुमचं काय वाकडं केलं, धनी? जन्मभर पाठीवरून वाहिलं. कधी पाडलं का? एकदा तरी?" चौतीस वर्षं गाडी उशिरा आली की लोक ड्रायव्हरला सोडून त्यांच्याच खिडकीशी येऊन भांडत. ते सगळं बाहेर पडलं. काचेपलीकडे नम्रताने डोळे पुसले.

रविवारी देव बोलला तेव्हा टाळ्या पडल्या. निर्मात्यांचा आवाज यंत्राने इतका घुमवला होता की तो कुणाचाही असू शकत होता. दीनानाथांच्या गळ्यात हार पडला. पुढे गाढव बोललं. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. आवाज देणाऱ्यांची नावं यायच्या आत मंडळाने पडदा बंद करून दिवे लावले.

रंगनाथ उठले. "देव सुमार. नुसताच घुमतो. गाढवाचं काम मात्र ज्यानं केलंय ना, तो खरा कलावंत."

दीनानाथांना भरून आलं. लपवलं असतं तर काही बिघडत नव्हतं, हार गळ्यात होताच. पण ही शाबासकी सोडवेना. त्यांनी हार काढला आणि अख्ख्या स्वारगेटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रंगनाथराव, ते गाढव मी आहे!"

मग मंडळाचे अध्यक्ष गहिवरले. "बघा! प्रत्यक्ष देवाचं काम करूनही केवढा हा विनय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हार पुन्हा गळ्यात आला.

रंगनाथ तेवढे टाळ्या न वाजवता जवळ आले. "विनय कसला? देव झालात ना, दीनानाथराव? मग तेवढ्यावर भागवा. त्या बिचाऱ्याचं श्रेय तरी लाटू नका."