हसऱ्या रुग्णाचे अपील

चावीवाले सात महिने पलंगावर होते. पाय मोडला नव्हता, ताप नव्हता. पण गावभरची कुलपं उघडणाऱ्या या माणसाला स्वतःच्या दुकानाचं कुलूप काढायला उठणं जमत नव्हतं. दिवसभर छताकडे बघायचे, जेवायला हाक मारली की भिंतीकडे वळायचे. दोन प्रकारच्या गोळ्या झाल्या, गुण येईना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोक्याला चुंबकाचे झटके देऊ. दुखत नाही. रोज एक बैठक, अशा तीस. मधेच सोडलंत तर पुन्हा पलंग."

चुंबक इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं आणि पहिल्या मजल्यावर पात्रता कारकून. त्याने छापील नऊ प्रश्न विचारले. सत्तावीसपैकी किमान वीस गुण पडले तरच माणूस तीव्र उदास धरला जाई. चावीवाल्यांना चोवीस पडले.

"अभिनंदन!" कारकून म्हणाला. "या आठवड्यात तुम्ही पहिले."

चावीवाल्यांना आनंद झाला नाही. तेवढ्यावरूनही पात्रता सिद्ध होत होती.

वरच्या मजल्यावरच्या तंत्रज्ञ बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, कानात बोळे घातले आणि डोक्याच्या डाव्या बाजूला चुंबक आणलं. टक्! उजव्या हाताचा अंगठा आपला आपण उडाला. "उडाला ना? म्हणजे किती जोर लागतो ते कळलं," बाई म्हणाल्या. मग रोज वीस मिनिटं डोक्यावर सुतारपक्षी बसल्यासारखी टकटक सुरू झाली.

बाराव्या दिवशी चावीवाल्यांनी चहा बेचव झाल्याची तक्रार केली. बायकोला रडू फुटलं. सात महिन्यांत त्यांना चव कळलीच नव्हती. अठराव्या दिवशी त्यांनी इस्पितळाच्या प्रतीक्षागृहाचं दार दुरुस्त केलं. ते चार वर्षं लाथेने उघडत होतं. त्याच दिवशी फेरतपासणी होती. गुण पडले सहा.

कारकुनाचा चेहरा पडला. "अपात्र. उपचार फक्त तीव्र उदास व्यक्तींसाठी आहेत."

"अहो, पण उपचारांमुळेच तर बरं वाटतंय!"

"मग उपचार संपले."

"अजून बारा बैठका आहेत. सोडलं तर पुन्हा पडेन मी."

"पडा की," कारकून समजुतीने म्हणाला. "पडलात की नवा अर्ज करा. आम्ही इथेच आहोत. नाहीतर अपील करा, समितीपुढे उदास दिसा."

बायकोने घरी तालीम सुरू केली. "अहो, खांदे पाडा. आता काहीतरी वाईट आठवा. माझा भाऊ आठवा."

"अगं, तो आठवला की मला लग्नात खुर्चीसकट उलटा पडलेलाच दिसतो!" आणि दोघं पोट धरून हसले. असं हसू त्या घरात किती दिवसांनी आलं होतं! पण आता ते घराबाहेर पडू देण्याची सोय नव्हती.

समितीत तिघे होते. अध्यक्ष म्हणाले, "अपील ऐकायला नियमावली लागते. ती या कपाटात आहे. किल्ली मागच्या अध्यक्षांबरोबर निवृत्त झाली. म्हणून सध्या सर्व अपिलं विचाराधीन."

चावीवाल्यांची बोटं वळवळली.

"अहो, नको!" बायको कुजबुजली. "हात खिशात घाला!"

"अगं, साधं कुलूप आहे गं... जरा तुझी पिन दे."

खट्. कपाट उघडलं. दाराच्या फटीतून आत सरकवलेल्या अपिलांचा ढीग अध्यक्षांच्या पायावर कोसळला. एकशे बेचाळीस अपिलं, सगळी मधेच बरं वाटू लागलेल्यांची. अध्यक्षांनी पाय सोडवून घेतला आणि म्हणाले, "नोंद घ्या. तीव्र उदास माणूस दुसऱ्याचं कपाट उघडत नाही. तरीही नियमावली सापडलीच आहे, तर तिच्याप्रमाणे एका त्रयस्थ नागरिकाचा दाखला आणा. 'हसता-बोलता, काम करणारा हा माणूस अजून आजारी आहे,' एवढं लिहून सही. मुदत शुक्रवार, पाच वाजेपर्यंत."

चावीवाले किराणावाल्याकडे गेले. "छे हो! ठणठणीत तर आहात," तो म्हणाला आणि त्याने गल्ल्याचं कुलूप दुरुस्त करून घेतलं. न्हावी म्हणाला, "तेव्हाही मला वाटायचं, जरा फिरायला जा, होईल बरं." बायकोच्या भावाने तर पाठीवर थाप मारली. "दाजी, चेष्टा करता होय!" छप्पन्न माणसं झाली. त्यांतल्या एकोणचाळीस जणांनी कुलपं दुरुस्त करून घेतली. सही एकानेही केली नाही.

गुरुवारी सकाळी चावीवाले जागे झाले आणि उठण्याआधी छताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. बायकोने ते पाहिलं. कोरा दाखला उचलला आणि चपला घालून बाहेर पडली.

ती तुमच्याकडेच येते आहे. तुम्ही त्रयस्थ आहात, लिहिता-वाचता येतं, अडचण काहीच नाही. फक्त पेन उघडण्यापूर्वी खरं सांगा: कपाट खट्कन उघडलं, तेव्हा 'हा तर बरा झाला की!' असं तुमच्या मनात आलं नव्हतं ना?

आलं असेल तर सही राहू द्या. समितीत चौथी खुर्ची रिकामी आहे.