इंजिनाला लावलेली शिस्त

ज्याला क्रम कळतो त्याला जग कळतं, हे माझं ठाम मत आहे. बावीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावतोय. चाळीस हजार पुस्तकं, आणि एकही आपली जागा सोडून बसलेलं नाही. तेव्हा सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन सोडवून पुन्हा बांधायचं म्हणजे माझ्या मते एखादं कपाट आवरण्याइतकंच काम होतं. तसं मी जेवताना सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. बोलायला काय जातं!

गाडी साधीसुधी नव्हती. सासऱ्यांनी तीस वर्षं याच गाडीत लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. शेजारच्या सीटपाशी शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक होता. माझी बायकोही हिच्यातच शिकली, खाली दोन उशा घेऊन. अलीकडे गाडी ऑइल प्यायची, धूर सोडायची, पण चालायची. हे 'चालायची' मी मुद्दाम सांगतोय, कारण बायको गेले तीन महिने मला तेच सांगत होती.

"चालत होती ना?"

"चालत होती, पण कशी?"

"पुढे."

मी तीन महिने दर रविवारी सासऱ्यांच्या गॅरेजात आडवा पडलो. एकेका बोल्टला चिठ्ठी बांधली. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासून आणले, जे जिथलं ते तिथे बसवलं. आणि हे करताना मला आधीच्या मेकॅनिकचा एक भयंकर गलथानपणा सापडला. इंजिनावर एक काळी टोपी असते, तिच्यातून चार वायरी निघून चार सिलिंडरना ठिणगी पुरवतात. त्या वायरी मी बोटाने चाचपत गेलो. पहिली पहिल्याला, ठीक. दुसरी थेट तिसऱ्याला, तिसरी चौथ्याला आणि शेवटची मागे फिरून दुसऱ्याला! आमच्याकडे असं कोणी लावलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मी त्या नीट केल्या. एक, दोन, तीन, चार. वर सुवाच्य अक्षरात पांढरी लेबलं.

"बघा," मी सासऱ्यांना म्हणालो, "इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

ते खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. "असं का?" म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

बांधलेलं इंजिन काही सुरू झालं नाही. सेल्फ मारला की फिरायचं, खोकायचं, गप्प व्हायचं. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा सासूबाईंनी निकाल दिला. "मला माझं गॅरेज हवंय. रविवारी सकाळी दहा वाजता भंगारवाला येईल." भंगारवाला शोधायचं काम त्यांनी सासऱ्यांवर सोपवलं, आणि सासऱ्यांनी मान डोलावली.

बायकोने मला बाजूला घेतलं. "बाबा तसे काही बोलायचे नाहीत. पण ही गाडी गेली तर ते दिवसभर करतील काय? तू उघडलीस, आता तूच चालू करून दे." ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. ती हळू बोलली, म्हणून मी घाबरलो.

रविवारी सात वाजताच मी कामाला लागलो. पेट्रोल येतंय का? येतंय. ठिणगी पडतेय का? प्लग काढून लोखंडाला टेकवून पाहिला, चांगली निळी ठिणगी. हवा तर फुकटच आहे. मग अडतंय कुठे? खरं सांगतो, तासाभरात माझी भीती मागे पडली आणि नुसतं कुतूहल उरलं. सगळं जागच्या जागी असून एखादी गोष्ट का चालत नसेल?

शेजारचे इलेक्ट्रिशियन दात घासत आले आणि निदान करून मोकळे झाले. "बॅटरी कमी पडतेय." त्यांनी स्वतःची बॅटरी आणली. इंजिन आता दुप्पट जोरात खोकायला लागलं.

"मग प्लग ओले झालेत," ते म्हणाले. "गरम करून बघा."

मी चारही प्लग सासूबाईंच्या तव्यावर ठेवले. क्रमाने, अर्थातच.

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "हे काय भाजताय?"

"प्लग."

"शिजायला किती वेळ लागतो याला?"

गरमागरम प्लग बसवले, बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं आणि मी वाकून आत काय होतंय ते पाहायला लागलो. एवढा मोठा बार निघाला की समोरच्या शिंप्याने दुकानाचं शटर खाली ओढलं. माझं तोंड काळं झालं आणि इलेक्ट्रिशियनच्या डाव्या भुवईचा अर्धा भाग कुठे गेला तो सापडला नाही. गॅरेजातून थोडा धूर निघाला, एवढंच. पण शिंपी घाबरट माणूस. साडेनऊला दारात आगीचा बंब उभा!

"आग कुठेय?" बंबवाला पाइप हातात घेऊन धावत आला.

"लागतच नाहीये हो," बायको रडवेल्या आवाजात म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

बंबवाल्याने इंजिनात डोकावून पाहिलं. त्यालाही चैन पडेना. तो म्हणाला, पेट्रोल जुनं असेल. इलेक्ट्रिशियन म्हणाले, छे, बॅटरीच. दोघांची चांगली जुंपली. मी घड्याळ पाहिलं. पावणेदहा झाले होते. मी शेवटचा उपाय म्हणून चारही लेबलं पुन्हा एकदा तपासली. बरोबर होती.

बरोबर दहाला भंगारवाल्याचा टेंपो आला. बायको गाडीतच बसून राहिली, गाडी न्यायचीच तर तिच्यासकट उचलावी लागली असती. भंगारवाला बॉनेटपाशी आला, बराच वेळ आत बघत राहिला.

"लेबलं झकास आहेत. कुणी लावली?"

"मी," मी जरा ताठ झालो.

"साहेब, मी हजारभर इंजिनं फोडली असतील. अशी चार सिलिंडरची ठिणगी ओळीने जाताना एकातही बघितली नाही. एक, तीन, चार, दोन. पिस्टन ज्या क्रमाने वर येतात, त्या क्रमाने ठिणगी द्यावी लागते. पिस्टन लेबल वाचत नाहीत."

त्याने तीन वायरी काढून इकडच्या तिकडे लावल्या. मिनिटसुद्धा लागलं नाही. बायकोने किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. धूर नाही, खोकला नाही. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि ती चक्क रडली. माझेही डोळे भरून आले, पण काजळीमुळे कुणाला कळलं नाही.

सकाळपासून खुर्चीवर बसून बघणारे सासरे उठले आणि त्यांनी भंगारवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "वेळेवर आलास."

"सर, तुम्हीच म्हणालात, दहाच्या आधी येऊ नको." टेंपो चालवायला तो त्यांच्याकडेच शिकला होता.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"शिकणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग ओढायचं नसतं, जावईबापू. आपण शेजारी बसायचं, आपल्या ब्रेकवर पाय ठेवून." त्यांनी भंगारवाल्याकडे बोट दाखवलं. "हा माझा ब्रेक. फक्त बंब येईल असं वाटलं नव्हतं."

ते बायकोच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. मी घाईघाईने मागचं दार उघडायला गेलो.

"तू घरीच थांब," बायको खिडकीतून म्हणाली. "कुठे बंद पडली तर धक्का मारायला फोन करते."

गाडी कोपऱ्यावर वळली त्याला आता चार तास झाले. मी तोंड धुतलंय, फोन चार्ज करून मांडीवर घेऊन बसलोय. फोन आलेला नाही. इंजिन मी बांधलंय, मला अभिमान वाटायला हवा, आणि वाटतोही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका: एकदा, अगदी पाच मिनिटं, कुठेतरी जवळपासच बंद पडावी असं फार वाटतंय.