नखप्रांतीच्या पुंडाची हकीकत

श्रीधन्वंतरीचे कृपेकरून, शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यी ऐसे वर्तमान जाहले की, धाकट्या राणीसाहेब गोजराबाई यांचे अनामिकेचे नखाखाली निळा ठिपका दिसला आणि राजियांच्या आत्याबाई बोलिल्या, "सूनबाई, हा वैद्यास दाखवा." राणीसाहेब हसोन बोलिल्या, "आत्याबाई, निळीचा डाग तो. धुतला की जाईल." मग धुवावयास गार पाण्यात बोट घातले तों ऐशी कळ उठली की तांब्या एकीकडे, राणीसाहेब एकीकडे, आणि किंकाळी ऐकोन तोफखान्याने शत्रू आला समजोन बार काढिले. पुढे बाळराजियांची कुंची बांधितां नखास धक्का लागे, डोळां पाणी येई आणि राणीसाहेब मूल दुसरियाचे हाती देत. मग राजवैद्य मिळाले. एक बोलिले वात, दुसरे बोलिले उष्णता, तिसरियांनी नखाकडे न पाहतां मुखाकडे पाहोन निदान केले, "नखरा आहे." हा शब्द दरबारास फार मानवला. थोरल्या राणीसाहेब, म्हणजे सासूबाई, बोलिल्या, "मूल घ्यावयाचे म्हटले की हिचे बोट दुखते. दसऱ्यापासोन बाळराजे आमचे महाली राहतील." राणीसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले.

तेव्हां आत्याबाईंनी परमुलुखीचे कोनेरपंत वैद्य आणविले. पंतांनी बोथट सुईचे टोक नखावर फिरविले. "येथे?" "नाही." "येथे?" "नाही हो पंत, तुम्ही उगाच..." आणि पुढील शब्दाने छपरावरील कबुतरे उडाली. पंत आनंदले. सासूबाई बोलिल्या, "माणूस ओरडते आणि तुम्ही हसता?" पंत बोलिले, "आईसाहेब, नखरा महालभर फिरतो. हे दुखणे तिळाएवढिया जागी ठाण मांडोन आहे. आमचे आजे यास नसेची गाठ म्हणत, तीर्थरूप रक्ताची म्हणत. आम्ही कापोन पाहिली तों कळले, बोटाचे टोकी ऊन-गार पाहोन रक्ताचे पाट उघडणारी चौकी असते, तीच फुगोन पुंड जाहली." राणीसाहेबांनी बाळराजे पोटाशी धरोन पुसिले, "अंगभर पसरेल?" "पसरणारी जात नव्हे. हट्टी मात्र आहे." सासूबाई पुटपुटल्या, "म्हणजे सुनेसारखीच." मग अफूची मात्रा देवोन, नख उचलोन, पुंड बाहेर काढिला, आणि जखम भरतांच राणीसाहेबांनी भर दरबारी गार पाण्याचे घंगाळात हात कोपरापावेतो बुडविला आणि हसत बसल्या, पाने वाढली तरी उठेनात. दसरियास बाळराजे न्हाले ते आईचेच हाती.

तात्पर्य, पुंड मोहरीएवढा, त्याचे ओळखीस तीन पिढ्या, आणि नखरा हा शब्द दरबारातून बडतर्फ. राणीसाहेबांची वाचणारास विनंती ऐसी की, घरी कोणी गार पाणी चुकवीत असेल तर तीस हसो नये. आजच तिचे बोट हाती घेवोन नख नीट पाहावे.